एच घेऊ की यू? आधी लाईट गेल्यावर काय काय बंद पडतं ते बघूया

पत्र थोडक्यात: देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून एका ताईंनी लिहिलंय. वय ३४. लॉकडाऊनमध्ये मुंबईहून गावी आल्या त्या इथेच राहिल्या, पुण्यातल्या एका अकाउंट्सच्या ऑफिसचं काम घरून करतात. दिवसभर एक्सेल, टॅली, जीएसटी पोर्टल, मधेमधे व्हिडिओ कॉल. मार्च ते मे घरच्या हापूसचे रील मोबाईलवर शूट करून लॅपटॉपवर एडिट करतात. दोन महिन्यांतून एकदा मांडवी एक्सप्रेसने मुंबई आणि तिथून पुणे. जुना लॅपटॉप चार्जर काढला की वीस मिनिटांत बंद पडतो म्हणून नवीन घ्यायचाय. बजेट ७० हजार, त्यातले निम्मे मुंबईतला मोठा भाऊ देणार. तो आयटीत आहे आणि प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी येणाऱ्या अक्षराबद्दल त्याचं म्हणणं, "यू घेऊ नकोस, कमजोर असतो, एच घे म्हणजे पाच-सहा वर्षं बघायला नको." कणकवलीच्या दुकानात त्यांना दोन लॅपटॉप दाखवले: एकात आय५-१३४२०एच, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि ६० वॅट-अवरची बॅटरी, दुसऱ्यात आय५-१३३५यू, ८ जीबी रॅम आणि ४२ वॅट-अवरची बॅटरी. पावसात लाईट तासन्‌तास जाते. घरात इन्व्हर्टर आहे पण सासरे तो फॅन-दिव्यांसाठी राखून ठेवतात आणि म्हणतात, "लाईट गेली काय तुझो तो डबो काय कामाचो?" ताई विचारतात: "स्पीड आणि बॅटरी दोन्ही एकत्र मिळत नाही हे मला कळलंय, पण नक्की कशावर पाणी सोडू? आणि दादा पैसे देतोय तर त्याला नाही कसं म्हणू?"

ताई,

तुमचं "दोन्ही एकत्र मिळत नाही हे मला कळलंय" हे वाक्य मी परत परत वाचलं. हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंय, आणि इतक्या जणांनी सांगितलंय की ते आता खरंच वाटतं. अर्धं खरं आहे पण. दहा वर्षांपूर्वी पूर्ण खरं होतं. म्हणून कशावर पाणी सोडायचं हे ठरवण्याआधी सोडायला लागतंय का तेच बघू.

दुकानातले ते दोन प्रोसेसर घ्या. १३४२०एच आणि १३३५यू. दोघांचा जास्तीत जास्त स्पीड किती? ४.६ गिगाहर्ट्झ. दोघांचाही. थ्रेड, म्हणजे एका वेळी किती कामं हातात घेता येतात, ते किती? दोघांचेही १२. मग फरक कुठे आहे, तर एचचा बेस पॉवर ४५ वॅट आहे आणि यूचा १५ वॅट, म्हणजे सगळे कोर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष राबणारे भाग) एकदम कामाला लावून अर्धा-पाऊण तास दामटवले तर एच तो जोर टिकवून धरतो आणि यू थोड्या वेळाने दमाने घेतो. एचमध्ये मोठे कोर चार आहेत, यूमध्ये दोन मोठे आणि आठ छोटे. हा फरक खरा आहे, दादा खोटं बोलत नाहीये. पण तुमच्या दिवसात सगळे कोर अर्धा तास दामटवणारं काम कुठलं? एक्सेलचा मॅक्रो तर एकाच थ्रेडवर चालतो, त्याला बारा थ्रेड द्या नाहीतर वीस, तो एकच वापरतो. फॉर्म्युल्यांचं गणित एक्सेल सगळ्या कोरमध्ये वाटून घेतं पण ते काही सेकंदांचं काम असतं. आणि जीएसटी पोर्टल रिटर्न भरायच्या ११ आणि २० तारखेला फिरत बसतं ते तुमच्या प्रोसेसरमुळे नाही, त्या दिवशी अख्खा देश तिथे असतो म्हणून.

राहिले रील. मोबाईलचा व्हिडिओ उघडायला आणि परत बनवायला या चिप्समध्ये एक वेगळा भागच दिलेला असतो, यूमध्येही असतो, त्यामुळे मिनिटभराचं रील यूवर आरामात होतं. रोज तासाभराच्या लग्नाच्या फिल्म कापत असता तर मी दुसरं सांगितलं असतं.

आता तो १५ आणि ४५ चा आकडा. हा वाचून सगळ्यांना वाटतं की यू तासाला १५ खातो आणि एच ४५ खातो म्हणजे यूची बॅटरी तिप्पट. असं नाहीये हो. तो आकडा सतत राबताना किती खाईल त्याचा आहे. तुम्ही एक्सेलच्या शीटकडे बघत विचार करत असता तेव्हा दोन्ही प्रोसेसर जवळजवळ झोपलेले असतात, दोन-चार वॅटवर. उलट थोड्या वेळासाठी जोर लावायचा झाला तर यू ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो आणि एच ९५ पर्यंत, हे पण कंपनीच्याच कागदावर असतं, फक्त तिथपर्यंत कोणी वाचत नाही.

आणि त्या शेवटच्या टोकाला जोर फार महाग पडतो. स्पीड वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. देवगड बंदरात कुठल्याही तांडेलाला विचारा, होडी जरा जास्त पळवली की डिझेल किती जास्त जळतं. तसंच अगदी. त्यामुळे शेवटच्या वीस टक्के स्पीडसाठी दुप्पट वीज असला व्यवहार होतो, आणि तो व्यवहार आपल्याला लाईट नसताना करायचा नाहीये.

मग बॅटरी कशावर ठरते? टाकी केवढी आणि नळ किती सोडलाय यावर. टाकी म्हणजे वॅट-अवर. नळ म्हणजे अख्खा लॅपटॉप मिळून सरासरी किती वॅट खातो. भागाकार केला की तास आले. आता समजा, नुसतं समजा, ग्राफिक्स कार्डवाला तो एच लॅपटॉप तुमच्या कामाला सरासरी १३ वॅट खातो, मोठी स्क्रीन, मागे ग्राफिक्स कार्ड अर्धवट जागं, पंखे, सगळं धरून. ६० भागिले १३, साडेचार तास. आणि तो यू लॅपटॉप ८ वॅट खातो, पण टाकीच ४२ ची. पाच तासांच्या थोडं वर. बघितलंत? ज्याच्यासाठी तुम्ही स्पीडवर पाणी सोडायला निघाला होतात तो फरक अर्ध्या-पाऊण तासाचा. यू अक्षर बघून बॅटरी मिळाली असं वाटलं, पण कंपनीने टाकी छोटी बसवून पैसे वाचवले. तोच यू ६० च्या टाकीबरोबर घेतला तर साडेसात तास.

म्हणून माझं उत्तर, दुकानातला पहिला नको आणि दुसराही नको. दुसऱ्यातला प्रोसेसर बरोबर आहे, बाकीचा लॅपटॉप चुकीचा आहे.

आता मला तुमच्या पत्रातलं जे खरं दुखणं वाटलं त्याकडे येते, ते म्हणजे लाईट. तुम्ही धरून चाललाय की लॅपटॉपची बॅटरी टिकली की काम चालू राहील. मी रत्नागिरीत राहते, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा माझा लॅपटॉप फुल चार्ज होता आणि मी काहीही करू शकले नाही, कारण राऊटर पहिल्या मिनिटाला गेला आणि थोड्या तासांनी मोबाईलची रेंज पण गेली. समोर चार्ज असलेला लॅपटॉप आणि मेल जात नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना आधी हेच विचारते की लाईट गेल्यावर तुमच्याकडे सगळ्यात आधी काय बंद पडतं? वादळ सोडून द्या, रोजच्या पावसात, माडाची झावळी तारेवर पडली की जी दोन-तीन तास जाते त्याचं बोलतेय. राऊटर साधारण दहा-बारा वॅटचाच असतो, त्याला छोटा मिनी यूपीएस मिळतो, तो लावला की राऊटर तीन-चार तास निघतो. मग बघा की फायबर तेव्हा चालू राहतं का, कारण पुढच्या पेटीतलं बॅकअप आपल्या हातात नसतं. नसेल चालत तर मोबाईलचा हॉटस्पॉट, आणि तुमच्या खळ्यात कुठल्या कंपनीची रेंज लाईट गेल्यावर किती वेळ टिकते ते या जूनमध्ये एकदा घड्याळ लावून बघून ठेवा. नेट जर दोनच तास टिकणार असेल तर बारा तासांच्या बॅटरीसाठी तीस हजार जास्त घालण्यात अर्थ नाही.

आणि सासऱ्यांना हे सांगा, गणित करूनच सांगा. १२ व्होल्टची १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. तुमचा लॅपटॉप रिकाम्यापासून पूर्ण भरायला साधारण ७० लागतील. घरातला साधा सीलिंग फॅन तासाभरात तेवढंच खातो. म्हणजे सुनेचा अख्खा दिवसाचा पगार एका फॅनच्या एका तासावर निघतो. मला वाटतं बाबांना हे पटेल, आंबा करणारा माणूस हिशोबाला नाही म्हणत नाही. इन्व्हर्टरवरून एक पॉईंट तुमच्या टेबलापर्यंत ओढून घ्या, वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि मग प्रोसेसरच्या प्रश्नातली निम्मी भीती तिथेच संपते.

इथेच चार्जिंगचा मुद्दा येतो जो दुकानात कोणी सांगत नाही. लॅपटॉप टाईप-सी ने चार्ज होतो का हे विचाराच. होत असेल तर ६५ वॅटचा साधा चार्जर चालतो, गाडीत चालतो, आणि ६५ वॅट देणारी पॉवरबँक चालते. २०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ७४ वॅट-अवर, मधली गळती धरून ५५-६० हातात येतात, म्हणजे लॅपटॉपची जवळजवळ एक अख्खी बॅटरी खिशात. मांडवीत दिवसभर बसायचं असतं आणि चार्जिंगचा पॉईंट कधी सैल असतो तर कधी त्यावर चार मोबाईल आधीच लटकलेले असतात, तिथे हे फार कामाला येतं. ग्राफिक्स कार्डवाल्या लॅपटॉपचा अडॅप्टर विटेएवढा असतो, १५०-२०० वॅटचा, त्याला पॉवरबँक पुरी पडत नाही. आणि असे लॅपटॉप चार्जर काढला की बहुतेक वेळा स्वतःच जोर कमी करतात कारण बॅटरीतून तेवढी वीज ओढता येत नाही. म्हणजे ज्या ताकदीचे पैसे दिले ती लाईट असेपर्यंतच. पुण्यात किंवा मुंबईत टेबलावर बसून वापरणाऱ्याला हे कधी जाणवतच नाही.

दादाला नाही म्हणायचंच नाहीये. तो त्याच्या टेबलावरून बोलतोय, त्याचं काम कोड कंपाईल करायचं असेल, तिथे सगळे कोर खरंच लागतात आणि त्याच्या घरी लाईट जात नाही. त्याला फोन करून "मला एच नको" असं सांगू नका, त्याला आपलं ऐकलं नाही असं वाटेल. त्याला सांगा, दादा, ह्या ह्या अटींत बसणारा शोधून दे. अटी अशा द्या: बॅटरी ५५ वॅट-अवरच्या खाली नको, रॅम १६ जीबी, टाईप-सी चार्जिंग, वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, स्क्रीन १४ इंच, वजन दीड किलोच्या आसपास. ह्यात प्रोसेसरचं नाव मी मुद्दाम घातलं नाही, एवढ्या अटी पाळल्या की चुकीचा प्रोसेसर हाताला लागणं कठीण होतं. आयटीतला माणूस आहे, दोन दिवसांत पाच लिंक पाठवेल, आणि शोधलेला त्याने असेल.

तरी त्या लिंक आल्यावर तुम्हाला नावं वाचता यायला हवीत. एच, यू ही अक्षरं आता पहिल्यासारखी राहिली नाहीत. १३४२०एच ४५ वॅटचा, पण डिसेंबर २०२३ मध्ये आलेला कोअर अल्ट्रा ५ १२५एच २८ वॅटचा आहे, अक्षर तेच. त्यात दोन अगदी कमी विजेचे वेगळे कोर आहेत, हलक्या कामाला बाकीची चिप झोपवून ठेवता यावी म्हणून. तो ६०-७० वॅट-अवरच्या बॅटरीबरोबर तुमच्या बजेटमध्ये मिळाला तर दादाचा एच पण झाला आणि तुमची बॅटरी पण झाली, बिनधास्त घ्या. नाहीतर १२५यू, किंवा तुम्ही बघितलेला १३३५यू, फक्त मोठ्या टाकीचा.

नावाच्या शेवटी व्ही असलेले इंटेलचे, २२६व्ही, २५८व्ही वगैरे, हे सप्टेंबर २०२४ मध्ये आले आणि बॅटरीसाठी इंटेलने केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे असं माझं मत. रॅम प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच असते त्यामुळे नंतर वाढवता येत नाही. नंबरचा शेवटचा आकडा ६ असेल तर १६ जीबी आणि ८ असेल तर ३२. कोर आठच आहेत पण तुमच्या कामाला पुरून उरतात. सेलमध्ये बजेटच्या जवळ आला तर हाच पहिला.

एएमडी ही इंटेलसारखीच प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी, तिच्यात एक सापळा आहे, तो नीट बघा कारण कमी बजेटवाले त्यातच अडकतात. ७००० सिरीजच्या नंबरात तिसरा आकडा आतली डिझाईन किती जुनी ते सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या डिझाईनचं नाव), २०१९ ची डिझाईन, नुसता वरचा नंबर नवा. ७५३०यू झेन ३. ७८४०यू झेन ४, तो फार छान आहे. तेव्हा ७ बघून भुलू नका, तिसरा आकडा बघा.

मॅकबुक एअर आणि स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप बॅटरीला उत्तमच, त्याबद्दल वाद नाही, आणि चार्जर काढल्यावरही त्यांचा स्पीड तसाच राहतो. पण तुमच्यासाठी नाही. टॅली विंडोजवरच चालतं, आणि एम४ एअर भारतात आला तेव्हा ९९,९०० पासून सुरू होता. स्नॅपड्रॅगनवर विंडोज असतं खरं, पण डिजिटल सहीच्या टोकनचा किंवा जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर एआरएमसाठी, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या जातीच्या चिपसाठी, वेगळा बनवलेला असावा लागतो, नसेल तर ते चालत नाही, आणि ते तुम्हाला २० तारखेला रात्री कळणार. जी शिक्षिका फक्त ब्राऊजर, वर्ड आणि व्हिडिओ लेक्चर करते तिला मी तोच घे म्हणाले असते.

स्क्रीनबद्दल एक. दुकानात ओएलईडी बघून डोळे दिपतात, पण ओएलईडी पांढऱ्या रंगाला जास्त वीज खातं आणि एक्सेल म्हणजे दिवसभर पांढरं पान. तुम्हाला साधा आयपीएस बरा, ब्राईटनेस ३०० निट्सच्या वर असेल असा, म्हणजे पडवीत बसूनही दिसेल. १२० हर्ट्झ असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ६० करा.

पाच-सहा वर्षं बघायला नको हे दादाचं म्हणणं मला मनापासून पटतं, पण पाच वर्षांत म्हातारी होते ती बॅटरी, प्रोसेसर नाही. आपल्याकडे उकाडा आहे, आणि सतत शंभर टक्के चार्ज ठेवून गरम राहिलेली बॅटरी लवकर मरते. तुमच्या जुन्या लॅपटॉपचं तेच झालंय, वीस मिनिटं म्हणजे सेल संपलेत. नवीन घेतल्यावर पहिल्याच दिवशी कंपनीच्या सेटिंगमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवा, पावसाची चाहूल लागली की तेवढे दिवस १०० करा. मोठी टाकी घ्यायचं आणखी एक कारण हेच की चार वर्षांनी ती पाऊण राहिली तरी ६० ची ४५ उरते, ४२ ची ३१ वर येते आणि परत तुम्ही भिंतीला बांधलेल्या. विंडोजची पॉवर सेटिंग बॅटरीवर असताना बचतीवर ठेवा, एक्सेलला काही कळत नाही. आणि लॅपटॉप पावसात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. रोज थोडा वेळ चालू ठेवलेला लॅपटॉप समुद्राच्या खाऱ्या हवेत जास्त टिकतो, कपाटात ठेवलेल्यापेक्षा, हे मी इतक्या वर्षांत बघितलंय.

कंपनी १५ तास, १८ तास लिहिते ते कमी ब्राईटनेसवर व्हिडिओ चालवून मोजलेले असतात. मी माझ्यापुरता त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त धरते.

आता लगेच घेऊ नका, एक महिना थांबा जमलं तर. पुढच्या ११ आणि २० तारखेला काम जोरात असताना जुन्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडून ठेवा आणि दोन आकडे कागदावर लिहा, सीपीयू किती टक्के आणि मेमरी किती टक्के. मला खात्री वाटते की मेमरी नव्वदच्या वर असेल आणि सीपीयू बराच वेळ तीसच्या खाली. तसं निघालं तर तो कागद दादाला व्हॉट्सअॅपवर टाका. आणि तसं नाही निघालं, सीपीयूच तासन्‌तास शंभरवर दिसला, तर मी वर जे लिहिलंय त्यातलं यूबद्दलचं सोडून द्या आणि १२५एच घ्या.

दुकानात जाताना तुमची सगळ्यात जड एक्सेल फाईल पेनड्राईव्हवर घेऊन जा, ती जी उघडायला जुना लॅपटॉप दोन मिनिटं घेतो ती. दुकानदाराला सांगा, चार्जर काढा. काढल्यावर फाईल उघडा, मॅक्रो चालवा, मोबाईलवर वेळ लावा. मग चार्जर लावून परत एकदा. दोन्ही लॅपटॉपवर. पंधरा-वीस मिनिटं जातील, दुकानदार थोडा कंटाळेल, पण ७० हजार देताय तर मागायचा हक्क आहे. ते चारही आकडे मला पाठवा, मग नाव ठरवू.